बॉक्सवर न छापलेले आकडे: दहा-बारा हजारांचा फोन नेमका कुठे अडतो?

सकाळचे सव्वासात. नागपुरातली, कॉटन मार्केटजवळची तर्री-पोह्याची गाडी. ग्राहकाने प्लेट संपवली, खिशातून फोन काढला, यूपीआयच्या ॲपवर बोट ठेवलं आणि समोर पांढरा पडदा. एक, दोन, तीन... सहा सेकंद काहीच नाही. मागे तिघं-चौघं खोळंबलेले. "नेट नाही राहिलं का भाऊ?" गाडीवाला विचारतो. "नेट आहे जी, फोनच अटकून राहिला." शेवटी ॲप उघडतं, स्कॅनर येतो, वीस रुपये जातात.

फोन दीड वर्षाचा. घेतला तेव्हा बॉक्सवर मोठ्या अक्षरात सगळं होतं: ८ जीबी + ८ जीबी रॅम, १२८ जीबी, ऑक्टाकोर, ५० मेगापिक्सेल, १२० हर्ट्‌झ. मग ते सहा सेकंद गेले कुठे?

हा प्रश्न आत्ता विचारायला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपच्या किमती झपाट्याने चढल्या. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या खास मेमरीत नफा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि फोन-लॅपटॉपच्या साध्या मेमरीचा तुटवडा पडला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांना मेमरी विकणारा आपला 'क्रुशल' ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. लाखाच्या फोनला ही वाढ पचते. दहा हजारांच्या फोनच्या खर्चात मेमरीचा वाटाच मोठा, तिथे ती थेट बोचते. अशा वेळी फोन कंपनीकडे दोन वाटा असतात: किंमत वाढवायची, नाहीतर किंमत तीच ठेवून आतला माल हलका करायचा. पहिली वाट गिऱ्हाइकाला दिसते. दुसरी बॉक्सवर दिसत नाही.

इतवारीतलं एक दुकान

फोनचं आतलं काम समजायला इतवारीतलं एखादं जुनं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढे काउंटर, मागे चिंचोळी गल्ली, गल्लीच्या टोकाला गोदाम.

काउंटर म्हणजे रॅम. हाताशी लागणारा माल इथे मांडलेला असतो, पटकन देता येतो. जागा मात्र कमी, आणि रात्री शटर पडलं की काउंटर साफ. गोदाम म्हणजे स्टोरेज, म्हणजे ते १२८ जीबी. सगळा माल कायमचा तिथे. काउंटरमागे बसून हिशेब करणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. आणि काउंटर ते गोदाम ही गल्ली म्हणजे स्टोरेजचा वेग. बॉक्सवर काउंटरचं माप असतं, गोदामाचं असतं, माणसांची संख्याही असते. गल्लीची रुंदी नसते.

पोहेवाल्यासमोरच्या फोनमध्ये काय झालं ते आता दिसेल. यूपीआयचं ॲप काल संध्याकाळी वापरलं होतं. त्यानंतर व्हॉट्सॲप, यूट्यूब, रील्स, कॅमेरा. काउंटर भरलं. अँड्रॉइडला जागा हवी होती, त्याने यूपीआयचं सामान उचलून बाहेर काढलं. सकाळी बोट ठेवलं तेव्हा सगळं नव्याने गोदामातून आणावं लागलं. एकच मोठं पोतं असतं तर बरं होतं. ॲप म्हणजे शेकडो लहान पुड्या: चित्रं, अक्षरं, कोडचे तुकडे, सुरक्षेच्या तपासण्या. प्रत्येकीसाठी गल्लीतून एक फेरी.

पांढरा किंवा कोरा पडदा दिसतोय तोवर वेळ बहुधा फोन खातोय. ॲपचा चेहरा उमटून आत चक्री फिरायला लागली की मग बहुतेक वेळा नेट किंवा बँकेचा सर्व्हर. दोन्हीला "नेट स्लो आहे" म्हणून सिम बदलणारे पुष्कळ आहेत.

गल्लीची रुंदी: ईएमएमसी आणि यूएफएस

स्वस्त फोनमध्ये दोन प्रकारचं स्टोरेज येतं. एक ईएमएमसी, दुसरं यूएफएस. नावं अवघड आहेत, पण लक्षात ठेवायला हीच दोन.

ईएमएमसी ५.१ हे २०१५ चं मानक. कागदावर त्याचा कमाल वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट. खरी अडचण वेगळी आहे: त्यात एका वेळी एकाच दिशेने वाहतूक होते. वाचायचं तरी, नाहीतर लिहायचं तरी. इतवारीच्या गल्लीत समोरून हातगाडी आली की आपण भिंतीला टेकून उभे राहतो, तसं. यूएफएस २.२ हे २०२० चं मानक. कागदावर वेग सेकंदाला हजार मेगाबाइटच्या वर, आणि जाणारी-येणारी गाडी एकाच वेळी निघते.

रोजच्या वापरात हे कुठे जाणवतं? घरी आल्यावर वाय-फाय लागतं आणि प्ले स्टोअर मागच्या मागे पाच-सहा ॲप अपडेट करायला घेतं. म्हणजे गोदामात माल उतरतोय. नेमकं तेव्हाच तुम्ही व्हॉट्सॲप उघडून टाइप करायला जाता. ईएमएमसीच्या फोनमध्ये कीबोर्ड वर यायलाच वेळ लागतो, दाबलेलं अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटतं. यूएफएसच्या फोनमध्ये अपडेट चालू आहे हे कळतही नाही.

हा प्रकार शोधायचा कसा? दुकानातल्या पाटीवर नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये जा. यूएफएस असेल तर कंपनी ते मिरवते: '१२८ जीबी यूएफएस २.२'. नुसतं '१२८ जीबी रॉम' लिहून विषय संपवला असेल तर ईएमएमसी समजून चालावं. आणखी एक पाहा: काही मॉडेलमध्ये कमी जीबीच्या आणि जास्त जीबीच्या व्हेरिएंटला वेगवेगळं स्टोरेज असतं, तेव्हा जो घेणार त्याचीच ओळ वाचायची.

"पण रॅम तर सोळा जीबी आहे ना?"

नाही. आठ आहे. '८ + ८' मधला दुसरा आठ म्हणजे व्हर्च्युअल रॅम, अर्थात गोदामातलाच एक कोपरा काउंटर म्हणून वापरायचा. खऱ्या रॅमचा वेग या किमतीच्या फोनमध्ये कागदावर सेकंदाला १७ जीबीच्या आसपास असतो. यूएफएस २.२ तिथे एक जीबी, ईएमएमसी अर्धाही नाही. गोदामाच्या दारात फळी टाकून तिला काउंटर म्हटलं, तरी प्रत्येक पुडीसाठी गल्ली चालायची ती चालायचीच.

यूएफएसच्या फोनमध्ये व्हर्च्युअल रॅमचा थोडा फायदा होतो, मागे ठेवलेलं ॲप जिवंत राहतं. ईएमएमसीच्या फोनमध्ये तीच सोय अंगलट येते: आधीच अरुंद गल्लीत रॅमची ये-जा वाढते. अशा फोनमध्ये ती बंद करून पाहावी. सेटिंग्जमध्ये 'रॅम प्लस', 'रॅम एक्स्पान्शन', 'मेमरी एक्स्टेन्शन' अशा नावाने सापडते, कंपनीगणिक नाव बदलतं. बंद करा, फोन रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरा. फरक पडला नाही तर परत चालू करायला पैसे पडत नाहीत.

खरी रॅम किती हवी? ४ जीबीपैकी जवळपास अर्धी अँड्रॉइड आणि कंपनीची वरची सजावटच खाते. उरलेल्यात व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि यूपीआय एकत्र नांदत नाहीत. ६ जीबी पुरते. ८ आरामाची. आणि निवड '६ जीबी + यूएफएस' आणि '८ जीबी + ईएमएमसी' अशी आली, तर डोळे मिटून पहिला घ्यावा. दुकानदार दुसरा पुढे करेल, कारण आठ हा आकडा सहापेक्षा मोठा आहे आणि विकायला सोपा आहे.

अलीकडची ॲप सारखी झटकून बंद करायची सवयही इथेच मोडा. ॲप झटकणं म्हणजे काउंटरवर मांडलेला माल स्वतःच्या हाताने गोदामात परत धाडणं. पुढच्या वेळी सगळ्या फेऱ्या पुन्हा, बॅटरीही जास्त. एखादं ॲप खरंच अडकलं असेल तेवढंच बंद करावं.

"नवा होता तेव्हा तर पळत होता"

पळत असणारच, गोदाम रिकामं होतं. फोनच्या स्टोरेजची एक विचित्र अट असते: लिहिताना थोडंथोडं लिहिता येतं, पण पुसताना अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. रॅकमध्ये डबे एकेक ठेवता येतात, मात्र जागा मोकळी करायची तर अख्खी रॅक एकदम धुवायची, असं समजा. रॅकमध्ये चार जुने आणि सहा कामाचे डबे असतील, तर आधी सहा उचलून दुसरीकडे ठेवायचे, मग रॅक धुवायची, मग नवा माल. मोकळ्या रॅक भरपूर असल्या की ही धुणी-भांडी फोन निवांत वेळी, रात्री चार्जिंगला असताना उरकतो. गोदाम गच्च भरलं की प्रत्येक नव्या डब्यासाठी ती कसरत ऐन गिऱ्हाइकीत करावी लागते.

म्हणून '१२८ पैकी १२१ जीबी भरले' असा फोन नेहमी रखडतो. साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे १२८ च्या फोनमध्ये २० जीबीच्या आसपास जागा कायम मोकळी असावी. त्यातून सिस्टिम स्वतः १५-२० जीबी व्यापते, तेव्हा तुमच्या हातात खरे ९० जीबी. ६४ जीबीचा फोन आजच्या घडीला का घेऊ नये, हे या वजाबाकीतच आलं.

भरतं काय? आपल्याकडे उत्तर ठरलेलं: सुप्रभातची फुलं, मंडळाच्या ग्रुपचे व्हिडिओ, एकच आरती सात ग्रुपवर सात वेळा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या मिळतात. तिथूनच पुसा. मग त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया ऑटो-डाउनलोडचे तिन्ही पर्याय, म्हणजे मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग, यांतून व्हिडिओवरची खूण काढा. ही खूण राहिली तर महिन्याभरात पुन्हा जैसे थे.

मेमरी कार्ड टाकून भागेल का? फोटो, गाणी, सिनेमे यांपुरतं भागतं. ॲप मात्र कार्डवर हलवू नयेत. कार्ड ईएमएमसीपेक्षाही मंद.

ऑक्टाकोर म्हणजे आठ माणसं, आठ आचारी नव्हेत

पंगतीत वाढायला आठ जण असले तर काम भरभर होतं. पण सावजी रश्श्याची फोडणी एकच जण देतो, तिथे सात जण नुसते बघत उभे राहतात. ॲप उघडणं हे बरंचसं फोडणीचं काम आहे. प्रोसेसरच्या चिपमधला असा एकेक माणूस म्हणजे एक कोअर. म्हणून आठ कोअर आहेत का यापेक्षा त्यातले दोन तरी दमदार आहेत का, हे बघायचं.

कोअरच्या नावातच ते लिहिलेलं असतं. ए५३ आणि ए५५ हे वाढपी. ए७५, ए७६, ए७८ हे आचारी, आकडा वाढेल तसा हात तयार. मीडियाटेकच्या डायमेन्सिटी ६३०० मध्ये दोन ए७६ आणि सहा ए५५ आहेत. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ४ जेन २ मध्ये दोन कोअर ए७८ वर आधारलेले. जुन्या हेलियो जी८५ मध्ये दोन ए७५. ज्या चिपमध्ये आठही कोअर ए५३ किंवा ए५५ असतील तो फोन फक्त बोलायला आणि व्हॉट्सॲपला, तोही आजी-आजोबांच्या संयमाने.

चिपबरोबर नॅनोमीटरचा आकडा येतो: हेलियो जी८५ बारा, डायमेन्सिटी ६३०० सहा, स्नॅपड्रॅगन ४ जेन २ चार. ढोबळमानाने आकडा लहान तर तेवढ्याच कामाला वीज कमी आणि उष्णता कमी. पुण्या-नाशिकच्या माणसाने हा आकडा सोडून दिला तर चालेल. आपल्याला चालणार नाही.

नागपूरचा मे आणि फोनचा ताप

फोनमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता पाठीच्या आवरणातून हवेत जाते, आणि उष्णता गरमकडून थंडाकडेच जाते. हवा २८ अंशांवर असेल तर फोन ३८ वर काम करत निवांत राहतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की बाहेर फोनला थंड होण्याची जागाच उरत नाही. बंद पडलेला फोनसुद्धा तिथे ४५ चाच.

आता डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा फोन पाहा. दुपारी दोन, वर्धा रोड, हँडलच्या होल्डरमध्ये फोन. काळ्या काचेवर थेट ऊन. वाचता यावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण. जीपीएस चालू, मोबाइल डेटा चालू, आणि बॅटरी उतरतेय म्हणून गाडीच्या सॉकेटला चार्जिंगही चालू. पाच बाजूंनी ताप. फोन काय करतो? आधी प्रोसेसरचा वेग उतरवतो, मग पडदा आपोआप मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि तरीही भागलं नाही तर इशारा देऊन बंद पडतो. दुकानात "डिस्प्ले खराब झाला" म्हणून येणाऱ्या अशा फोनला काहीही झालेलं नसतं. तो स्वतःला वाचवत असतो.

लिथियम बॅटरी चार्ज करायची सुरक्षित मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंत धरतात. त्यापुढे चार्ज केली तर ती कायमची झिजते. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे गरम आणि पूर्ण भरलेली. म्हणून उन्हाळ्यात फोनमध्ये '८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा' असा पर्याय असेल तर तो लावून टाकावा. रात्री गादीखाली, उशीखाली चार्जिंग नको. कूलरच्या हवेत, पण तुषार उडत नाहीत अशा जागी ठेवा, कव्हर काढून. फ्रिजमध्ये मात्र कधीच नाही. बाहेर काढल्यावर गार फोनवर हवेतलं बाष्प धरतं, आतल्या सर्किटवरसुद्धा. स्कूटीची डिक्की आणि कारचा डॅशबोर्ड या दोन जागा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापतात, हे वेगळं सांगायला नको.

गाडीवर नकाशा लागतोच, त्याला उपाय आहे. गूगल मॅप्समध्ये वर आपल्या फोटोवर दाबा, 'ऑफलाइन मॅप्स' निवडा, नागपूरचा चौकोन वाय-फायवर उतरवून ठेवा. डेटाचा ताप कमी होतो. कानात एक इअरफोन घालून आवाजावर चालवा आणि पडदा बंद ठेवा. चार्जिंग सावलीत, गाडी उभी असताना. महापालिका उन्हाळ्यात सिग्नलवर हिरव्या जाळ्या बांधते, त्या फोनलाही तेवढ्याच उपकारक.

पाठीचं आवरण वर आलेलं दिसलं, पडदा कडेने सुटायला लागला, टेबलावर ठेवलेला फोन गरगर फिरायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं तर मुळीच नाही. थेट सर्व्हिस सेंटर.

उन्हात वाचता येणं हाही प्रश्न आहे. पडद्याची उजळता 'निट्स'मध्ये मोजतात. ४५०-५०० निट्सचा पडदा घरात ठीक. संत्रा मार्केटच्या रस्त्यावर दुपारी क्यूआर कोड शोधायला हाताचा आडोसा धरावा लागेल. ८०० ते १००० निट्स हवेत. दुकानाच्या एसीत हे कळत नाही. फोन हातात घेऊन दारापर्यंत जाऊन बघा, दुकानदार सोबत येईलच.

१२० हर्ट्‌झ, ५० मेगापिक्सेल

यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. १२० हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा नवं चित्र मागतो, दर ८.३ मिलिसेकंदाला एक. साध्या ६० ला १६.७ मिलिसेकंद मिळतात. चिप दुबळी असेल तर ती वेळेत चित्र देऊच शकत नाही आणि सरकवताना झटके बसतात. अशा फोनला ६० किंवा ९० वर ठेवलेलं बरं, बॅटरीही वाचते.

५० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. त्यात फसवणूक नाही, उजेड जास्त पकडायची ती पद्धत आहे. शेजारची २ मेगापिक्सेलची लेन्स मात्र शोभेची. किमतीत तिला शून्य मोजा.

५जी घ्यायचं तर कोणतं?

भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, आणि दोन मोठ्या कंपन्यांनी दोन वेगळे रस्ते धरले. जिओने 'एसए' धरला, म्हणजे स्वतंत्र ५जी. एअरटेलने सुरुवात 'एनएसए'ने केली, म्हणजे ४जीच्या खांद्यावर बसवलेलं ५जी. २०२४ मध्ये बाजारात आलेला एक स्वस्त ५जी फोन फक्त एसएवर चालणारा होता. एअरटेलच्या ग्राहकाला त्यात तेव्हा ५जी मिळतच नव्हतं. बॉक्सवर '५जी' खरंच लिहिलेलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये एसए आणि एनएसए दोन्ही आहेत का ते पाहा. पुढे बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे, दिलेले असतात, त्यात एन७८ आणि एन२८ असावेत. एन७८ वेगाचा, एन२८ जिओचा ७०० मेगाहर्ट्‌झचा, भिंती भेदून घरात आतपर्यंत पोचणारा.

आणि ५जी नसेल तर? यूपीआय, व्हॉट्सॲप, नकाशा यांना चांगला ४जी भरपूर झाला. पण आजच्या ४जी-फक्त फोनमध्ये बहुधा जुनी चिप आणि ईएमएमसीच सापडतं, म्हणून त्याच पैशात ५जी चिपचा फोन एरवीही जास्त चपळ ठरतो.

"मग यूएफएस आणि बऱ्या चिपसाठी चौदा हजार घालायचे म्हणता? गरिबाने काय करावं?"

रास्त प्रश्न. हिशेब महिन्याचा करून बघा. नऊ हजारांचा फोन दोन वर्षांत जीव खायला लागला आणि बदलला, तर महिन्याला ३७५ रुपये. चौदा हजारांचा फोन चार वर्षं चालवला, मध्ये दीड हजाराची बॅटरी बदलली, तर साडेपंधरा हजार भागिले ४८, म्हणजे ३२३ रुपये. स्वस्त फोन महाग पडतो तो असा. अट एकच: चार वर्षं तो चालला पाहिजे.

चालणं दोन गोष्टींवर ठरतं. एक, यूएफएस आणि बरी चिप, ते झालं. दुसरं, अपडेट. यातही दोन प्रकार: अँड्रॉइडची नवी आवृत्ती, आणि सिक्युरिटी पॅच, म्हणजे सापडलेली भगदाडं बुजवणारी डागडुजी. नवी आवृत्ती नाही मिळाली तरी फारसं अडत नाही. पॅच थांबले की ज्या फोनमध्ये तुमचं बँक खातं आहे त्याच्या दाराची कडी सैल झाली. पॅच किती वर्षं, हे फोन जाहीर करतानाच कंपनी सांगते. जिने सांगितलं नाही तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. जास्त देणं जमतं: सॅमसंगने २०२४ च्या गॅलॅक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचं आश्वासन दिलं होतं. युरोपात तर फोन जास्त वर्षं टिकावा म्हणून जून २०२५ पासून कायदाच आहे. तिथे फोनच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे. आपल्याकडे तसा कायदा नाही. कर मात्र आहे: एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे बारा हजारांच्या बिलातले १,८३० रुपये फोनचे नसतातच.

नऊ हजारच हातात असतील तर ते वाईट नाहीत, अपेक्षा ठरवून घ्या. ६४ जीबी टाळा, १२८ घ्या. रॅम खरी ६ मिळाली तर उत्तम. कॅमेऱ्याकडे बघू नका. हप्त्यावर घेणार असाल तर 'नो कॉस्ट'च्या पुढे प्रोसेसिंग फी किती आणि व्याजावरचा जीएसटी कोण भरणार, हे कागदावर लिहून मागा.

त्याच पैशात जुना महागडा फोन?

सीताबर्डीत गेलात की हा सल्ला दर दहा पावलांवर मिळतो. तीन वर्षांपूर्वीचा चाळीस हजारांचा फोन आज बारा-तेरा हजारांत. चिप आणि पडदा नव्या स्वस्त फोनपेक्षा सरस असतो, यात वाद नाही. पण बॅटरी तीन नागपुरी उन्हाळे पाहिलेली, आणि पॅच संपत आलेले. बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरा आणि पॅचची किमान दोन वर्षं शिल्लक असतील तरच पुढे जा.

पैसे द्यायच्या आधी एक मिनिटाचं काम. फोनवर *#०६# दाबा, पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. आपल्या फोनवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक असेल किंवा नंबर दुसऱ्याच मॉडेलचा असेल तर उत्तरात कळतं. विकणारा या वेळी घाई करायला लागला तर तेही उत्तरच.

नवा घेताना डेमो फोनवर भाळू नका. त्याचं गोदाम रिकामं असतं. तरी चाचणी घ्यायचीच तर अशी: रीस्टार्ट करा, पडदा येताच लगेच कॅमेरा उघडा, लागोपाठ पाच फोटो काढा, शेवटचा लगेच गॅलरीत उघडून बघा. मग प्ले स्टोअरमध्ये एखादं मोठं ॲप उतरवायला लावा आणि ते बसत असतानाच कीबोर्डवर भराभर टाइप करा. अक्षरं मागे पडली तर गल्ली अरुंद आहे.

आहे तोच फोन चालवायचा असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जागा: २० जीबी मोकळे करा. मग कंपनीने आधीच घातलेली, कधी न उघडलेली ॲप काढा. जी काढता येत नाहीत त्यांना 'डिसेबल' करा. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या बातम्या-जाहिराती बंद करा, त्या दिवसभर डेटा आणि बॅटरी खातात. प्ले स्टोअरमध्ये ऑटो-अपडेट फक्त वाय-फायवर.

पुढची युक्ती वेग वाढवत नाही, वाट पाहणं कमी करते. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर' शोधा, काही कंपन्या तो 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या आत ठेवतात. त्यावर सात वेळा दाबा, पिन द्या. 'डेव्हलपर ऑप्शन्स' नावाचं पान उघडेल. तिथे 'ॲनिमेशन स्केल' असलेल्या तीन ओळी आहेत. तिन्ही १ वरून ०.५ वर आणा. त्या पानावरच्या बाकी कशालाही हात लावू नका, विशेषतः 'बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट'ला. ते कमी केलं की अलार्मपासून बँकेच्या सूचनांपर्यंत काहीही गप्प होऊ शकतं.

एवढं करूनही पांढरा पडदा तसाच राहिला तर फॅक्टरी रीसेट. आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप, गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे याची खात्री, चार्ज ५० टक्क्यांच्या वर. यूपीआय परत नोंदवायला बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि त्यावरून एसएमएस जाण्याइतका रिचार्ज असावा लागतो. नव्याने नोंदणी झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत पैसे पाठवायची मर्यादा कमी असते, म्हणून घरभाडं किंवा फी भरायच्या आदल्या रात्री रीसेट करू नका. रविवारी सकाळी करा, आणि त्या दिवशीच्या पोह्यासाठी खिशात सुटे ठेवा.